पाहुण्याची घोडी आधी

मी एक जुनी दगडी डोणी आहे. डोणी म्हणजे जनावरांना पाणी पाजायचं लांबट दगडी भांडं. लखनौच्या पूर्वेला चिनहट आहे. चिनहट ओलांडून फैजाबादच्या रस्त्यावरून जरा आत वळलं की नवलपुरवा नावाचं गाव लागतं. त्या गावाच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली मी पडून आहे. गावचे लोक मला हौदी म्हणतात. डोणी हे नाव मला सातारकडच्या एका माणसाने दिलं.

दगडाला मराठी कशी येते, असं तुम्ही विचाराल, मित्रांनो. तो माणूस सकाळ-संध्याकाळ माझ्या काठाशी उभा राहून आपल्या घोडीशी मराठीत बोलायचा. घोडीने किती ऐकलं देव जाणे, मी मात्र सगळं ऐकलं. दगडाला ऐकण्यावाचून दुसरं काम तरी काय असतं?

माझा जन्म मिर्झापूरकडच्या खाणीतला. दोन पाथरवटांनी मला टाकीने कोरलं. त्यातला एक तंबाखू चघळत सारखा म्हणायचा, या दगडातून देव निघाला असता तर चार पैसे जास्त मिळाले असते. माझ्या शेजारच्या दगडातून खरोखरच देव निघाला. मला त्याचा हेवा वाटत नाही. त्याच्याकडे वर्षातून दोनदा गर्दी होते, माझ्याकडे दिवसातून दोनदा. एका जमीनदाराच्या बायकोने वाटसरूंच्या जनावरांसाठी मला इथे आणून बसवलं. तिचं नाव आता कोणालाच आठवत नाही. माझ्या बुडाशी एक भोक आहे आणि त्यात लाकडाची गुडदी ठोकलेली आहे. गुडदी काढली की सगळं पाणी वाहून जातं. हे भोक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

नवलपुरवा हे घोड्यांचं गाव. इथले लोक श्रीमंत आहेत म्हणून नव्हे. इथल्या अर्ध्या घरांचं पोट इक्क्यावर चालायचं. इक्का म्हणजे एका घोड्याची उंच गाडी. चिनहटच्या बाजाराला सवाऱ्या न्यायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. पण पोटासाठी घोडा पाळणं वेगळं आणि घोड्यावर जीव असणं वेगळं. कालव्याच्या कडेची मऊ मातीची वाट पक्की करून देतो, असं एकदा कोणीतरी पुढारी म्हणाला, तेव्हा गावाने हात जोडून नको म्हटलं. डांबरावर घोड्याचे पाय जातात, हे त्याला समजावता समजावता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. आमराईतली हरळी कोणी विकत नसे. म्हाताऱ्या घोड्याला कोणी बाजार दाखवत नसे. तो दिवसभर गावातून फिरे आणि ज्या दारात उभा राही, त्या घरचा चारा खाई. घोडा पाळायचा तर असं गाव हवं. ज्याला घोडा आवडतो, त्याच्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्याला घोडा आवडायला हवा. नाहीतर इथेच घोडं पेंड खातं.

आणि या गावाची एक रीत होती, माझ्या काठाची. पाहुण्याची घोडी आधी पिणार. बाहेरगावचं जनावर आलं की सगळ्यांनी आपापली जनावरं मागे ओढायची. त्यानंतर शिंगरू असलेली घोडी, मग बाकीचे. पाहुण्याने तोंड उचलल्याशिवाय गावच्या घोड्याने पाण्याला नाक लावायचं नाही. घोड्यांनाही ते पाठ होतं. ही रीत सांभाळायचं काम लीलावती काकीचं. ही विधवा बाई पहाटे विहिरीवरून पाणी ओढून मला भरायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्याचा घोडा नवऱ्यामागे वर्षभर जगला होता आणि त्याला पाणी पाजता पाजता तिला सवय लागली ती लागलीच. तिची जीभ मात्र कोयत्यासारखी होती.

त्र्याण्णव सालच्या कार्तिकात बाबुराव आले. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. लष्करात घोड्यांच्या तुकडीत दफेदार होते. निवृत्त झाल्यावर काही वर्षं सातारकडच्या गावी काढली, पण बायको गेली आणि मुलाने त्यांना लखनौला आणलं. मुलगा श्रीरंग एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. इंदिरा नगरात घर. म्हातारा माणूस, भाषा परकी, दिवसभर करणार काय? एक दिवस ते नातीला, मुक्ताला घेऊन बाराबंकीजवळच्या देवा गावच्या जत्रेला गेले. आणायच्या होत्या रेवड्या, घेऊन आले घोडी. तिचं नाव त्यांनी माणिक ठेवलं. तांबूस काळसर रंग, कपाळावर पांढरा ठिपका आणि डोळ्यांत थोडी लबाडी.

इंदिरा नगरात माणिक दोनच दिवस टिकली. पहिल्या दिवशी तिने शेजारच्यांचे गुलाब खाल्ले. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेली कुणाची तरी शाल ओढून चिखलात तुडवली. हे सगळं मला नंतर मुक्ताकडून कळलं. ती घोडीला गोष्टी सांगायची. श्रीरंगचं वाक्यही तिने त्याच्याच आवाजात करून दाखवलं होतं, “बाबा, ही कॉलनी आहे, अस्तबल नाही! आज संध्याकाळपर्यंत हिची सोय लावा, नाहीतर मी गिऱ्हाईक बघतो.”

मग बाबुराव लगाम धरून पायी निघाले. वाटेत ज्याला त्याला विचारत गेले. कोणी हसलं, कोणी हात जोडले. ऊन चढलं तेव्हा ते माझ्यापाशी पोहोचले. संध्याकाळच्या गर्दीइतकी नाही, पण चार-सहा घोडी तेव्हाही माझ्यापाशी होती. परकी घोडी दिसताच सगळ्यांनी लगाम मागे खेचले. मधोमध वाट मोकळी झाली.

“पिलाइए साहब,” रमाकांत म्हणाला. हा गावचा इक्केवाला, काळासावळा आणि मितभाषी. “पहले मेहमान की घोड़ी।”

बाबुरावांनी माणिकच्या तोंडातला लगाम काढला. ती प्यायली. ते तिच्या मानेवर हात ठेवून उभे होते आणि बारा गावचं पाणी प्यायलेल्या त्या माणसाचे डोळे भरून आले. मी पाहिलं म्हणून सांगते. त्याच दिवशी रमाकांतने आपल्या तबेल्यातली अर्धी जागा त्यांना दिली. त्याचा घोडा पुत्तन आणि माणिक शेजारी शेजारी बांधले गेले. श्रीरंगने परवानगी दिली, पण एका अटीवर. गावाकडून एक जरी कंप्लेंट आली, तरी घोडी विकायची.

तेव्हापासून बाबुराव रोज सकाळी टेंपोने चिनहटपर्यंत आणि पुढे चालत येऊ लागले. अंधार पडायच्या आत परत जात. गावाने त्यांना नाव दिलं, दफ़ादार. माणिक रोज सगळ्यांच्या आधी पाणी प्यायची. एक महिना झाला, दुसरा झाला, थंडी आली आणि निघत आली, तरी तिचा पहिला मान गेला नाही. बाबुरावांना ते फार आवडायचं. “बघ, इथं कदर आहे आपली,” असं तिच्या कानात सांगायचे.

एका रविवारी मुक्ताने रमाकांतला विचारलं, “चाचा, पुत्तन हमेशा बाद में क्यों पीता है? उसे बुरा नहीं लगता?”

“बुरा काहे लगेगा बिटिया?” रमाकांत म्हणाला. “वह तो घर का है।”

बाबुराव तिथेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. मी ऐकलं.

माघात श्रीरंगच्या संस्थेतल्या एका मराठी माणसाच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेवाला घोडी हवी होती. ज्या श्रीरंगला माणिक डोळ्यांसमोर नको होती, तोच आता म्हणाला, “बाबा, तुमची माणिक द्याल का? जरा शान राहील.” बाबुरावांची छाती फुगली. त्यांनी तिला घासूनपुसून, आयाळीत गोंडे बांधून नेलं. तिथे बॅंडवाल्यांच्या भाड्याच्या घोड्याही होत्या. संध्याकाळभर सगळ्या एकाच बादलीतून प्यायल्या, एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहिल्या. बाबुरावांनी अर्धं आयुष्य घोड्यांत काढलं होतं. लष्करात त्यांनी हे कधी चालू दिलं नसतं. पण त्या दिवशी लोक घोडीचं कौतुक करत होते आणि कौतुकाने माणूस आंधळा होतो. मी त्यांना दोष देत नाही, घडलं ते सांगते.

काही दिवस गेले. एक दिवस सकाळी बाबुराव माणिकला घेऊन माझ्याकडे आले. उजाडून थोडाच वेळ झाला होता. इक्केवाल्यांना बाजाराची घाई होती. सगळे घोडे मागे ओढून उभे होते, लीलावती काकीने मला काठोकाठ भरलं होतं. माणिक दोनदा खोकली. बाबुरावांनी सवयीने तिच्या जबड्याखाली हात घातला आणि तो तिथेच थांबला. गाठ होती. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येत होता. त्यांचा चेहरा माझ्या पाण्यात पडला होता, म्हणून मला तो नीट दिसला. तो एकदम म्हातारा झाला होता.

घशाच्या गाठी सुजवणारा हा रोग त्यांनी लष्करात पाहिला होता. एका घोड्याला झाला की पाण्यातून, बादलीतून, हातातून दुसऱ्याला होतो. त्यांनी माणिकला माझ्यापासून मागे ओढलं.

“का हुआ, दफ़ादार?” लीलावती काकी म्हणाली. “पिलाव।”

“आज नको... आज नहीं पिएगी।”

“काहे नहीं पिएगी? मुँह तो इधर ही कर रही है।”

आणि मित्रांनो, पाहुण्याची घोडी प्यायल्याशिवाय कोणी पाजणार नाही, ही तर रीत. सगळे खोळंबले. घोडे पाय आपटू लागले. रमाकांत हळूच म्हणाला, “साहब, एक घूँट पिला दीजिए। सवारी निकल जाएगी।”

काकीचा आवाज चढला. “हमरे हाथ के पानी मा का खराबी है? चार महीना पिए, आज खराब होइ गवा?”

आमच्याकडे कोणाच्या हातचं पाणी नाकारणं ही साधी गोष्ट नाही. त्यात जुने अपमान दडलेले असतात. बाकीचे लोकही आता बाबुरावांकडे निराळ्या नजरेने पाहू लागले.

त्यांना निघून जाता आलं असतं. घोडीला तहान नाही म्हणून तबेल्यात न्यायचं, गुपचूप औषध करायचं. कोणाला कळलं नसतं. कळलं तर गाव घोडी बाहेर काढणार, श्रीरंग ती विकणार आणि आजारी घोडी विकत घेतो तो फक्त कसाई. बाबुरावांच्या मनात हे सगळं येऊन गेलं असणार, कारण लगामावरची त्यांची मूठ आवळली होती. पण माणिक कालही प्यायली होती, परवाही. सगळ्यांच्या आधी प्यायली होती आणि तिच्यामागून सगळे. काकीने कालच्या पाण्यावरच आजची भर घातली होती. ते माणिकला घेऊन निघून गेले असते, तरी पाणी इथेच राहिलं असतं.

ते खाली वाकले. माझ्या बुडाशी हात घालून त्यांनी गुडदी उपटली.

सगळं पाणी भसाभसा वाहून गेलं. पहाटेपासून ओढलेलं पाणी. काकीच्या हातातली बादली तशीच राहिली.

“मेरी घोड़ी बीमार है,” बाबुराव म्हणाले. त्यांची हिंदी नेहमीच सातारी वळणाची, आता तर पार अडखळली. “छूत का रोग है। कल शाम को इसने इसी में पिया। अब इसमें कोई मत पिलाव। मेरी गलती है।”

एका इक्केवाल्याने कपाळाला हात लावला. दुसरा ओरडला, “ले जाओ इसे! जहाँ से लाए हो, वहीं ले जाओ!” बाबुरावांनी मान हलवली. ते माणिकला वळवून रस्त्याकडे निघाले. आत पाणी नसताना मला प्रत्येक आवाज मोठा ऐकू येतो. तिच्या टापा मला फार मोठ्या ऐकू आल्या आणि वाईट वाटलं.

“कहाँ चले?” लीलावती काकी कडाडली.

बाबुराव थांबले.

“बीमार जनावर लेके सड़क पर जइहो? रस्ता भर हौदी हैं। गाँव-गाँव बीमारी बाँटिहो?” तिने बादली आपटली. “नहर के उस पार, आम की बाग मा बाँधो। हियाँ से हिलना नहीं।”

यात माया होती की नुसता व्यवहार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा तिलाही नसेल.

माझ्या पोटात चुना फासला गेला. मला कडक उन्हात कोरडी ठेवली. ज्याच्या त्याच्या घोड्याला ज्याची त्याची बादली. प्रत्येक बादलीवर रंगाने वेगळी खूण. पुत्तन आजारी पडला, आणखी एक घोडी पडली. त्यांनाही आमराईत नेलं. रमाकांतचा इक्का दारात उभा राहिला आणि त्याच्या सवाऱ्या टेंपोने जाऊ लागल्या. तो बाबुरावांना एका शब्दाने बोलला नाही. मला वाटतं, बोलला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. बाबुराव इंदिरा नगरला गेलेच नाहीत. रमाकांतच्या ओसरीवर राहिले. तीन घोड्यांच्या गाठी जवसाच्या पोटिसाने शेकायच्या, फुटल्या की धुवायच्या, पुन्हा हात धुवायचे.

श्रीरंग स्कूटरवर आला, तो गिऱ्हाईक ठरवूनच. कडुनिंबाखाली त्याने स्कूटर लावली आणि माझ्या काठावर बसला. वडील कालव्यापलीकडून आले, हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे.

“बाबा, मी म्हटलं होतं, एक कंप्लेंट आली की—”

“आली का?”

“काय?”

“कंप्लेंट. आली का कोणाची?”

आली नव्हती. लग्नातली बॅंडवाल्यांची एक घोडी खोकत होती असं एका पाहुण्याने सांगितलं, म्हणून तो आला होता. गावातून एकही शब्द बाहेर गेला नव्हता. तेवढ्यात समोरून काकी आली. दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या. तिने त्यातली एक श्रीरंगच्या पायाशी ठेवली. “बैठे हो तो यह उठाव, डाक्टर साहब।” तो शास्त्रज्ञ होता, डॉक्टर नव्हे, पण बादली उचलली. दुसऱ्या दिवशी त्याने जनावरांच्या खऱ्या डॉक्टरांना मागे बसवून आणलं. वरातीमागून घोडं, पण आलं.

मी कोरडी पडून होते, मित्रांनो. माझ्यात कडुनिंबाची पानं साचली. एक शेळी दुपारची येऊन झोपायची. येणारे-जाणारे माझ्यावर बसून विड्या ओढायचे. उपयोग नसला की आपण किती लवकर नुसता दगड होतो, हे मला तेव्हा कळलं. मी दगडच आहे, हे खरं. तरी वाईट वाटलं.

तिन्ही घोडी बरी झाली. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून मगच होकार दिला, तेव्हा चैत्र सरत आला होता. मला घासलं, धुतलं, नवी गुडदी बसवली. काकीने पाणी भरलं. सगळं गाव आपापले घोडे घेऊन आलं. रविवार होता, मुक्ता आणि श्रीरंगही आले होते. बाबुरावांनी माणिकला खरारा करून आणलं आणि सवयीने सरळ पुढे आले.

काकीने हात आडवा घातला. “रुको दफ़ादार। पीछे।”

बाबुराव जागच्या जागी थिजले. रस्त्यावरून बाराबंकीकडचा एक कुंभार मडक्यांनी लादलेलं तट्टू घेऊन आला होता. त्याला काकीने पुढे बोलावलं. तट्टू प्यायलं. मग शिंगरूवाली घोडी. मग एकेक. बाबुराव मान खाली घालून पार मागे उभे होते, पुत्तनच्याही मागे. शिक्षा आहे आणि ती वाजवी आहे, असं त्यांना वाटत असणार. लष्करी शिस्तीतला माणूस तो, मान गेला तर तक्रार करणार नाही. पण कानशिलं लाल झाली होती.

मुक्ताने त्यांचा हात ओढला. “आजोबा, रो क्यों रहे हो? पुत्तन भी तो बाद में पीता है।”

बाबुरावांनी पुत्तनकडे पाहिलं. मग रमाकांतकडे. त्याने नुसता पुत्तनला थोडा बाजूला घेतला आणि दोघांना मावेल एवढी जागा केली. पुत्तन आणि माणिक एकदमच प्यायले. पाण्यात दोघांची नाकं आणि त्यावर पडलेला त्या म्हाताऱ्याचा चेहरा. या वेळी पाणी हललं म्हणून मला तो नीट दिसला नाही.

याला आता काही वर्षं झाली. इक्के कमी झाले, टेंपो वाढले. मागच्या महिन्यात लखनौच्या हजरतगंज बाजारातला एक दुकानदार गाडीतून आला आणि बंगल्याच्या बागेत कमळं लावायला मला विकत मागू लागला. काकीने त्याला जे ऐकवलं ते मुलांच्या गोष्टीत सांगण्यासारखं नाही. मित्रांनो, तुमच्या गावाच्या तोंडाशी माझी एखादी बहीण कोरडी पडली असेल, तर तिच्यात कमळं लावू नका. तिला घासा, गुडदी बसवा, पाणी भरा. आणि तुमचं जनावर आजारी असेल, तर गुडदी उपटायला लाजू नका.

काल संध्याकाळी कोणी एक कॉलेजातला पोरगा हौसेने घेतलेल्या घोडीवरून इकडे भरकटला. बिचकून दूरच उभा राहिला. बाबुरावांना आता काठी लागते. त्यांनी माणिकचा लगाम धरून तिला मागे ओढलं, माझ्या काठापाशी वाट मोकळी केली आणि आपल्या सातारी हिंदीत म्हणाले, “आव बेटा, पिलाव। पहले मेहमान की घोड़ी।”